मागून टाकलेलं पाणी

आभाळ भरून आलं की मला बसवत नाही. अकोल्यातलं आमचं आताचं घर उंचावर आहे, जोतं दगडी आहे, मोर्णा नदीचं पाणी इथवर कधी आलेलं नाही आणि येणारही नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी मी उठतो, चपला अडकवतो आणि गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन पाणी कुठून येतं नि कुठं जातं ते पाहून येतो. बायको म्हणते, पेन्शन सुरू झाली तरी ह्यांची ड्यूटी काही सुटत नाही. ड्यूटीचं काही नाही ते. ते एका भिंतीचं आहे.

ती भिंत माझ्या आईच्या घराची. मागची, मातीची. गावाचं नाव लिहीत नाही; अमरावतीहून अकोल्याकडे येताना एसटी जिथं चहासाठी थांबायची त्या गावांपैकी एक समजा. गावाला नगरपालिका होती, हायस्कूल होतं, एक जिनिंग होतं आणि उतार होता. उताराच्या वरच्या अंगाला वरचं वेटाळ, वरची वस्ती, म्हणजे वकील, व्यापारी, मोठे कास्तकार. खालच्या अंगाला, नाल्याच्या काठी, आमचं वेटाळ. आम्ही धर्म बदलला त्याला पाच-सहा वर्षं झाली होती, पण गावाच्या जिभेला ते अजून वळण पडलं नव्हतं. जुनं नाव लोकांच्या तोंडाशी यायचं, मग ते गिळायचे आणि ‘ते खालचे’ म्हणायचे. ते एका अर्थी खरंच होतं. गावातलं सगळं पाणी शेवटी आमच्याकडे यायचं.

वरून पाणी खाली येतं यात कोणाचा दोष नाही, असं मी लहानपणी समजत होतो. अंगणं मातीची होती तोवर ते दमानं यायचं. मग गावात शहाबादी फरशीचं खूळ आलं. एका घरानं अंगणात फरशी बसवली की शेजारच्याला झोप येईना. सारवण नको, चिखल नको, धुतलं की लख्ख. खोटं कशाला सांगू, मलाही ती आवडायची. उन्हाळ्यात तिच्यावर पाणी मारलं की जो गार वास येतो तो आपल्या घरी असावा असं मला फार वाटायचं. पण फरशीवर पडलेलं पाणी फरशीवर थांबत नाही. ते मोरीतून गटारात आणि गटारातून थेट आमच्या उंबरठ्याशी. पावसाळ्यात गल्लीतलं पाणी गेल्या वर्षीपेक्षा वर चढलं की आई म्हणायची, “कोन्या घरी फरशी बसली वाटते.”

ही गोष्ट घडली त्याच्या दोन पावसाळे आधी ती मागची भिंत फुगली आणि बसली. कोणाला लागलं नाही, कारण आई तेव्हा चुलीपाशी होती. त्याच मातीची आम्ही ती पुन्हा उभी केली. पण आईनं तिला लिपायला साफ नकार दिला. घराच्या बाकी तिन्ही भिंती दसऱ्याच्या आत पांढऱ्या मातीनं लिपलेल्या असायच्या, आणि ही एक तशीच ओबडधोबड, बोटांचे वळ दिसणारी. लोक विचारायचे तर म्हणायची, पडायचीच आहे ते कायले लिपू. मी वर नगरपालिकेच्या ऑफिसाजवळ खोली पाहू म्हटलं की ती उठून कामाला लागायची. खोली मला कोण देणार होतं हा प्रश्न वेगळाच, पण तिला तिथं जायचंच नव्हतं. बाप त्याच घरात गेला होता. तेव्हा माझ्यापुरता विषय एकच राहिला, ती भिंत तिसऱ्या पावसाळ्यात उभी राहिली पाहिजे.

मी तेव्हा मॅट्रिक होऊन नगरपालिकेत कर खात्यात कारकून लागलो होतो. त्या वर्षी आमच्याकडे नवा ओव्हरसियर आला, देशावरचा, तरुण, खुर्चीत बसूनही पाय हलवत राहणारा. बाजारात दर पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचतं, रस्ता उखडतो, दरवर्षी खडी टाकायची आणि दरवर्षी ती नाल्यात जायची, हे त्यानं एकाच पावसात पाहिलं आणि त्याचं डोकं फिरलं. मोठं गटार बांधायला नगरपालिकेकडे पैसा नव्हता. तेव्हा त्यानं मेंबरांच्या गळी एक युक्ती उतरवली. जो घरमालक निम्मं अंगण मातीचं ठेवील, त्यात झाडं लावील आणि छपराचं पाणी शोषखड्डा करून तिथंच जिरवील, त्याला घरपट्टीत सूट. पाणी रस्त्यावर आलंच नाही तर गटार कशाला लागेल? मेंबरांना ते पटलं, कारण त्यात मेंबरांना काही करायचं नव्हतं.

दवंडी पिटली. ओव्हरसियरनं मजकूर शुद्ध भाषेत लिहून दिला होता, ‘ज्यांच्या अंगणात पावसाचे पाणी मुरेल त्यांना करात सवलत मिळेल.’ दवंडीवाल्याला एवढा श्वास नव्हता. तो चौकाचौकांत ओरडत गेला, “ज्याच्या घरी पानी मुरते त्याले टॅक्स माफ हो!” गाव आठवडाभर हसलं. हॉटेलात लोक एकमेकांना विचारायचे, तुह्याकडे कुठं पाणी मुरते बाबा, तुले सूट लागू आहे का? कोणी म्हणालं, मंग तं मेंबराइले भरावाच लागनार नाही. ओव्हरसियर हिरमुसला. पाणी मुरण्याचा तो दुसरा अर्थ त्यालाही माहीत होता, पण आपल्या योजनेला तो कोणी चिकटवील हे त्याच्या स्वप्नात नव्हतं. मी त्याला म्हटलं, साहेब, हे वऱ्हाड आहे, इथं पहिले हसतात आणि मग विचार करतात. दुसऱ्या भागाची मला खात्री नव्हती.

घरी मी आईला योजना समजावून सांगितली. आमच्या घरांना पट्टीच नव्हती, त्यामुळे सूटही नव्हती, हेही सांगितलं. ती भाकर थापत होती. थापणं न थांबवता म्हणाली, “त्याइले सूट कायची भेटते? आजवर आपल्या घरात पानी सोडलं त्याची?”

  त्या दिवशी मी तिच्यावर चिडलो, कारण मला ती योजना हवी होती. सूट कोणालाही मिळो, पाणी वर थांबलं पाहिजे. भिंत कोणाच्या पुण्याईनं उभी राहते याचा हिशेब आपण नंतर करू, असं मी म्हणालो. आई म्हणाली, कर.

खड्डा कसा करायचा ते आधी सांगतो. आमच्याकडची काळी माती पहिलं पाणी घटाघटा पिते आणि मग तोंड मिटून घेते. त्यामुळे काळी माती उकरून खाली मुरूम लागेपर्यंत जायचं. मग विटांचे रोडे, वर खडी, वर वाळू. सगळ्यांत वर बुडाला भोक पाडलेलं मडकं, आणि त्यात गवताची पेंडी, म्हणजे काडीकचरा तिथंच अडकेल. मडक्याचं तोंड तेवढं साफ ठेवायचं. काम झालं की कर खात्याच्या माणसानं, म्हणजे मी, जाऊन पाहायचं. घरच्यांनी समोर पाणी ओतायचं आणि ते मुरलं तर सूट.

आता यातली गंमत बघा. त्यासाठी मला वरच्या वेटाळातल्या अंगणांत जावं लागणार होतं. शिवाशिवीविरुद्ध कायदा होऊन वर्षं झाली होती, त्यामुळे तोंडानं कोणी काही म्हणत नव्हतं. पहिल्याच घरी मालकानं माझं नीट ऐकून घेतलं, मडक्यात पाणी ओतून दाखवलं, हसून मान डोलावली. मी फाटकापर्यंत पोचलो आणि मागून आवाज आला, सप्प. मी उभा होतो त्या जागेवर कोणीतरी बादली रिकामी केली होती. तो आवाज मला लहानपणापासून ओळखीचा होता. पण तेव्हा मी चड्डीत होतो. आता माझ्या खिशाला नगरपालिकेचं पेन होतं.

माझी कानशिलं तापली. परत फिरून काहीतरी बोलावं असं वाटलं. फौजदाराकडे जावं असंही वाटलं, पण फौजदाराच्या अंगणातही मला दुसऱ्या दिवशी खड्डा पाहायला जायचंच होतं. मी वळलो तेव्हा माझी नजर त्या पाण्यावर गेली. ते पाणी अंगणाच्या उतारानं गेलं, मडक्यापाशी घुटमळलं आणि बघता बघता नाहीसं झालं. खड्डा चांगला होता. त्यांनी दाखवण्यासाठी ओतलेलं पाणी तांब्याएवढं होतं, आणि हे बादलीभर.

त्या दिवसापासून माझी रीत ठरली. समोर ओतलेल्या पाण्याकडे मी नावापुरतं पाहायचो. खरी तपासणी फाटकात. निघायचं, थांबायचं, आवाज झाला की वळायचं आणि पाणी मुरतं का ते बघायचं. काही घरी पाणी साचून राहायचं, मग मी परत आत जायचो आणि सांगायचो की खड्डा मुरमापर्यंत गेलेला नाही. म्हणजे त्यांना पुन्हा पाणी टाकावं लागायचं. ओव्हरसियरला मी हे सांगितलं तेव्हा तो मोठ्यानं हसला, आणि मग त्याचं हसणं मधेच थांबलं. मी त्याला म्हटलं, हसा साहेब, मीही हसतो. खरं तर मी हसत नव्हतो. मला राग यायचा आणि त्या रागाला काही काम मिळालं म्हणून बरं वाटायचं, एवढंच.

बरीच घरं झाली, पण आमच्या भिंतीच्या दृष्टीनं खरं घर एकच होतं. वकिलांचं. वेटाळातलं सगळ्यांत मोठं छप्पर, सगळ्यांत मोठं अंगण, आणि त्याची मोरी ज्या गटारात सुटायची ते वळण न घेता आमच्या गल्लीत उतरायचं. वकीलसाहेब अकोल्याच्या कोर्टात, रविवारी येणार, रविवारी जाणार. घर चालवायची वकिलीणबाई. उंच, कडक, कासोटा घातलेली. तिनं कुंपणाच्या भिंतीला फरशीची चळत आणून उभी केली होती. आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, झाली की गवंडी लागणार होता आणि अख्खं अंगण झाकलं जाणार होतं.

मी गेलो तेव्हा बाई ओसरीवर, मी फाटकाच्या आत दोन पावलं, आणि मधे तिची मोलकरीण. बाई माझ्याशी बोलत नव्हती, मोलकरणीशी बोलत होती. त्याले म्हन, सूट नको. त्याले म्हन, शोषखड्डा म्हंजे काय ते आम्हाले समजते. घशाले शोष पडते तसा विहिरीले पडन. सारं पानी तो खड्डाच पिऊन घेईन. मोलकरीण तेच शब्द पुन्हा मला सांगायची, जसा काही मी बहिरा होतो. मी उत्तर मोलकरणीला द्यायचो आणि ती ते बाईला ऐकवायची. मागून पडणारी बादली सोडली तर सगळा कारभार असा मोलकरणीच्या तोंडून.

ओव्हरसियर स्वतः जाऊन आला. त्याला कपबशीत चहा मिळाला आणि ‘पाहू’ हा शब्द मिळाला. त्यानं तिला जमिनीतलं पाणी, मुरूम, झिरपणं सगळं समजावलं म्हणे. पालथ्या घड्यावर पाणी. शोष हा शब्द नगरपालिकेनं कुठल्याशा पुस्तकातून उचलला होता, आणि आमच्या भागात शोष म्हणजे तहानेनं घसा कोरडा पडणं. नाव ठेवणारानं एकदा बायकांना विचारलं असतं तर निम्मं काम आधीच झालं असतं.

मला चैन पडेना. ऑफिसला जायचा माझा रस्ता दुसरा होता, पण मी मुद्दाम वाकडी वाट करून त्या घरावरून जायचो आणि फरशीची चळत तशीच आहे ना ते बघायचो. जेवताना उठायचो. मागच्या भिंतीला हात लावून बघायचो. आई म्हणायची, काऊन असा करून राह्यला, भिंत काय तुले सांगनार आहे कधी पडतो म्हनून? वैशाख जवळ येत चालला होता. चळतीशेजारी वाळूचा ढीगही येऊन पडला.

आखाजीच्या थोडं आधी मी पुन्हा गेलो. निमित्त काही नव्हतं. मोलकरीण विहिरीवर होती आणि बादली तळाला ठेचकाळत होती. वर आली तेव्हा तिच्यात पाण्यापेक्षा गाळ जास्त. ती वैतागली होती आणि माझ्यासमोर बोलून गेली. विहीर दर उन्हाळ्यात अशीच बसते, आणि बाईंचं धुणं काही बसत नाही. आंघोळीचं पाणी, सोवळ्याचं पाणी, दूधवाला गेला की पाणी, कल्हईवाला गेला की पाणी. शेजारच्या विहिरीवरून आणून आणून तिची कंबर गेली होती.

बाई ओसरीवर आली. मी मोलकरणीला म्हटलं, पण आवाज ओसरीपर्यंत जाईल असा काढला. “बाईंना म्हणावं, नाव चुकलं आमचं. हा पाणी पिणारा खड्डा नाही, मुरवणारा आहे. वरचं पाणी खाली मुरलं तर विहिरीला ते कधी ना कधी लागतंच. लोणचं घातल्याशिवाय मुरत नाही.”

इथवर ठीक होतं. इथं मी थांबायला हवं होतं. पण उन्हात उभा होतो, डोकं तापलेलं होतं, आणि तोंडातून निघून गेलं, “विहीर भरली तर माझ्या मागं टाकायलाही पाणी पुरेल.”

मोलकरणीनं ते पुढे सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. बाई तशीच उभी होती. एवढी वर्षं सगळं गाव ते पाणी टाकत होतं, आणि टाकतो हे कोणी बोलत नव्हतं, ना टाकणारा, ना ज्याच्यासाठी टाकलं जातं तो. मी फाटकाबाहेर पडलो. त्या दिवशी आवाज आला की नाही, मला आठवत नाही, कारण माझ्या कानांत माझंच बोलणं वाजत होतं. केलेल्या मेहनतीवर मी स्वतःच्या तोंडानं पाणी पाडलं, अशी माझी खात्री झाली. वकीलसाहेब एक शब्द बोलले असते तर नोकरीही गेली असती.

आईला सांगितलं. मला वाटलं ती डोक्याला हात लावील. ती हसली. “बोलला ते बरं केलं,” म्हणाली, “भिंतीचं पाहून घेऊ.” मग मात्र रात्रभर नुसती कूस बदलत राहिली.

आखाजी झाली. मी दोन दिवस त्या रस्त्यानं गेलोच नाही. तिसऱ्या दिवशी राहवलं नाही. गेलो तर फाटक उघडं, अंगणात मातीचा ढीग आणि खड्ड्यात छातीपर्यंत उतरलेली आमच्याच वेटाळातली दोन माणसं. फरशी ओसरीवर तेवढी बसत होती. उरलेली चळत भिंतीला तशीच टेकलेली. बाईचं मन कशानं फिरलं हे तिनं कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. मी आपला हिशेब मांडला तो असा, की माझ्या येण्यानं जे बाटतं ते धुवायला तिला पाणी हवं होतं, आणि ते पाणी टिकायचं तर तिला मला येऊ द्यावं लागत होतं. यावर हसावं की रडावं? मी खणणाऱ्यांना म्हटलं, मुरूम लागेपर्यंत वर येऊ नका रे. ते म्हणाले, तुह्या भिंतीसाठीच खंदून राह्यलो बाप्पा, तू जाय.

खड्डा झाला. कडेनं बाईनं केळी लावल्या आणि एक पारिजातक. मी तपासायला गेलो, मोलकरणीनं पाणी ओतलं, मी निघालो, फाटकात थांबलो. सप्प. वळून पाहिलं. पाणी मडक्यापाशी गेलं आणि गेलं. वेटाळातला सगळ्यांत चांगला खड्डा. मला इतका आनंद झाला, आणि त्याच क्षणी इतका राग आला, की दोन्ही घेऊन कुठं जावं ते कळेना. मी नाल्यापर्यंत चालत गेलो आणि परत आलो.

आषाढ कोरडाच गेला. श्रावणात झड लागली, बारीक, चिवट, दिवसेंदिवस. माती पिऊन पिऊन तुडुंब झाली. आणि मग एका दुपारी, मी ऑफिसात असताना, अंधारून आलं आणि आभाळ फाटलं. टिनाच्या छपराखाली समोरच्याचं बोलणं ऐकू येईना. ओव्हरसियर खिडकीत उभा राहून रस्त्याकडे बघत होता. मी त्याला न विचारता निघालो.

चौकात रस्ता फुटतो. खाली गेलं की आमचं घर, वर गेलं की वकिलांचं. मी तिथं उभा राहिलो, डोक्यावर पोत्याची खोळ, आणि मला काही केल्या ठरवता येईना. खाली जाऊन मी काय करणार होतो, भिंतीला पाठ लावून उभा राहणार होतो? मी वर पळालो.

फाटक उघडंच होतं. अंगणात पाणी साचलेलं, आणि साचलेलं पाणी मोरीकडे धावायला लागलेलं. खड्ड्यापाशी वकिलीणबाई वाकलेली, पदर खोचलेला, केस कपाळाला चिकटलेले. मडक्याचं तोंड पाल्यानं बुजलं होतं आणि ती दोन्ही हातांनी तो चिखल, गवत, केळीची फाटकी पानं उपसून बाहेर फेकत होती. मोलकरीण कुठं दिसत नव्हती. मला पाहून ती म्हणाली, “पाहून काय राह्यला, हे मडकं उचलू लाग.”

मी गेलो. एका बाजूनं तिनं धरलं, दुसऱ्या बाजूनं मी. गाळानं भरलेलं मडकं जड होतं, ते आम्ही उपटून आडवं केलं, भोक मोकळं केलं, पुन्हा बसवलं. माझी बोटं तिच्या बोटांना लागली की नाही ते चिखलात कळत नव्हतं. पाणी भोवरा करून आत जायला लागलं. आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो. मोरीकडे गेलेला लोट हळूहळू बारीक झाला.

मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, “तुमच्या घरात घुसलं का पानी?”

मधे मोलकरीण नव्हती. मी म्हटलं, पाहिलं नाही अजून, पहिले इकडेच आलो. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही हा माणूस वेडा आहे. “मंग इथं काय करून राह्यला?” ती म्हणाली. “आई असन ना घरी. जा.”

मी उतारानं पळत सुटलो. गल्लीत पाणी होतं, पण ते उंबरठ्याच्या खाली बोटभर थांबलं होतं. आत आई खाटेवर बसलेली, मांडीवर धान्याचं गाठोडं, आणि तोंड मागच्या भिंतीकडे. भिंत उभी होती. मी तिला हात लावला. बाहेरून भिजलेली असेल, पण आतून कोरडी होती. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. आईला सगळं सांगितलं, मडकं, चिखल, ती काय बोलली, मी काय बोललो.

आईनं ऐकून घेतलं. मग विचारलं, “तू निंगाल्यावर मांगून पानी टाकलं का तिनं?”

“पाऊस होता, आई.”

“मंग उन्हात जाऊन पाह्य,” आई म्हणाली.

मला तिचा राग आला. एवढं घडलं, भिंत राहिली, आणि हिला तेच. पण तो राग मी जितका वेळ धरून बसलो तितकं मला कळत गेलं की तिनं माझाच प्रश्न विचारला होता.

पाऊस ओसरायला पोळा उजाडला. त्यानंतर ऊन पडलं, चांगलं चकचकीत. मी वर्षाची तपासणी काढली आणि इतर घरं सोडून आधी तिथं गेलो. माती वरून वाळली होती, आतून ओलसर, चपलांचे ठसे नीट उमटत होते. या वेळी बाई स्वतःच बादली घेऊन आली, अनवाणी. मडक्यात पाणी ओतलं. ते लगेच गेलं. विहिरीकडे मान करून म्हणाली, भरून आली आहे यंदा. मी म्हटलं, येणारच. “झालं?” तिनं विचारलं. “झालं,” मी म्हटलं आणि निघालो.

फाटकात सवयीनं पाय थांबले. मी वळलो नाही. पाठ करून उभा राहिलो आणि कान मागं लावले. रहाटाची कुरकुर नाही, बादलीचा आवाज नाही. केळीच्या पानांवर चिमण्या तेवढ्या. मी बराच वेळ तसा उभा होतो, इतका की रस्त्यानं जाणारा एक जण विचारून गेला, कोणाची वाट पाहता? मग मी वळून पाहिलं. बाई आत गेली होती. बादली विहिरीच्या काठावर पालथी. फाटकापासून खड्ड्यापर्यंत माझ्या चपलांचे ठसे गेलेले आणि परत आलेले, आणि खड्ड्यापाशी त्यांच्या शेजारी तिचे अनवाणी. सगळे कोरडे, जसेच्या तसे.

घरी आई दारात तूर निवडत बसली होती. मी सांगितलं की टाकलं नाही. ठसे तसेच आहेत, मी पाहून आलो.

ती निवडत राहिली. मग म्हणाली, “सकाऊन सडा टाकन तं पुसून जाईनच.”

“सड्यात तं साऱ्याइचेच पुसते, आई,” मी म्हणालो.

तिनं सूप बाजूला ठेवलं, उठली, कोपऱ्यातली पांढऱ्या मातीची पाटी ओढली, तिच्यात पाणी घातलं आणि मागच्या भिंतीशी जाऊन बसली.